धरणाच्या काठी, चाकांवरच्या घरात

पुण्याहून पश्चिमेला किंवा दक्षिणेला निघालं की तास-दीड तासात पाण्याचा मोठा विस्तार समोर येतो. सिंहगड रस्त्याने खडकवासला आणि त्यापुढे पानशेत-वरसगाव, पौड रस्त्याने मुळशी, कामशेतहून आत वळलं की पवना, भोरच्या वाटेवर भाटघर. या काठांवर दिवसाची सहल करणारी कुटुंबं पूर्वीपासून आहेत, तंबूत रात्र काढणारे तरुणही आता भरपूर आहेत. गेल्या काही वर्षांत त्यात आणखी एका प्रकारच्या प्रवाशांची भर पडली आहे. बिछाना, शेगडी आणि पाण्याची टाकी गाडीतच घेऊन निघणारं, बहुधा मुलं मार्गी लागलेलं, दोघांचंच बिऱ्हाड.

अशा प्रवासाची ओढ पुण्यातल्या पुष्कळ घरांत अमेरिकेतून आली. मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिने राहायला गेलेल्या आईवडिलांनी तिथली स्टेट पार्क पाहिलेली असतात. तळ्याकाठच्या झाडीत ओळीने उभे असलेले ट्रेलर, प्रत्येकापुढे टेबल-खुर्च्या आणि सत्तरीतलं एखादं जोडपं निवांत बसलेलं. हे आपल्याकडे का होऊ नये, असं परतल्यावर वाटतं. होऊ शकतं. पण त्यासाठी लागणाऱ्या गोष्टींत गाडी हा सोपा भाग आहे. अवघड भाग आहे तो काठ. आपल्या तळ्यांचे काठ कसे बनले, कुणाचे आहेत आणि वर्षभरात कसे बदलतात, हे कळलं तरच तिथला मुक्काम सुखाचा आणि रास्त ठरतो.

ही तळी आली कुठून?

उत्तर अमेरिकेच्या मिनेसोटा, मिशिगनसारख्या राज्यांत हजारो नैसर्गिक तळी आहेत. हिमयुगातल्या प्रचंड हिमनद्यांनी जमीन खरवडली, खोलगट जागा मागे ठेवल्या आणि बर्फ वितळल्यावर त्या पाण्याने भरल्या. महाराष्ट्राची जमीन वेगळ्या प्रकारे घडली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले, त्यातून दख्खनचं पठार तयार झालं आणि नद्यांनी ते कापत नेलं. इथे हिमनद्या नव्हत्या आणि पाणी अडून राहील असे मोठे नैसर्गिक खळगेही जवळपास नाहीत. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं सरोवर हा ठळक अपवाद, पण ते उल्कापाताने झालेलं विवर आहे.

म्हणून पुण्याभोवतीचं प्रत्येक मोठं तळं माणसाने बांधलेलं आहे. त्याचं कारण पावसात आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर, ताम्हिणी-लोणावळ्याच्या पट्ट्यात, वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरवरच्या पुणे शहरात तो सातशेच्या आसपास उरतो, आणि दौंड-इंदापूरकडे आणखी कमी होतो. पाऊस एकीकडे आणि पाण्याची गरज दुसरीकडे, तीही बाराही महिने. त्यामुळे डोंगराच्या पायथ्याशी पाणी अडवणं भाग पडलं.

खडकवासल्याचं धरण 1879 मध्ये पूर्ण झालं. 1903 मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी आपण रचलेली स्वयंचलित दारं तिथे बसवली. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की ती आपोआप उघडत, त्यामुळे धरणाची उंची न वाढवता जास्त पाणी साठवता आलं. 12 जुलै 1961 रोजी बांधकाम पूर्ण न झालेलं पानशेतचं मातीचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटलं आणि निम्मं पुणं पाण्याखाली गेलं. दोन्ही धरणं पुन्हा उभी राहिली. आज खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून सुमारे 29 टीएमसी पाणी मावतं. एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, साधारण 2,830 कोटी लिटर. पुणेकरांचं प्यायचं पाणी मुख्यतः इथूनच येतं आणि मुठा उजव्या कालव्याने दौंड-इंदापूरच्या शेतांनाही इथूनच जातं.

आपण ज्याला तळ्याकाठचा मुक्काम म्हणतो, तो अशा रीतीने एका शहराच्या पिण्याच्या पाण्याच्या साठ्याशेजारचा मुक्काम असतो. पुढचा सगळा विचार या एका वस्तुस्थितीवर उभा आहे.

अमेरिकेत ते कसं जमलं?

हौसेसाठी चाकांवरचं घर बांधण्याची सुरुवात इंग्लंडमध्ये झाली. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या नौदलातून निवृत्त झालेल्या डॉक्टरने 1885 मध्ये ब्रिस्टलच्या एका कंपनीकडून ‘वाँडरर’ नावाची, घोड्यांनी ओढायची कॅरव्हॅन बनवून घेतली. त्याच वर्षी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने नायगाऱ्याच्या धबधब्याभोवतीची जमीन लोकांसाठी राखून ठेवली. ती आज तिथलं सर्वांत जुनं स्टेट पार्क म्हणून ओळखली जाते. पुढे मोटारी आल्या आणि दोन्ही प्रवाह एकत्र झाले. 1930 च्या दशकात एअरस्ट्रीमसारखे ॲल्युमिनियमचे हलके ट्रेलर रस्त्यावर आले. त्याच मंदीच्या काळात, 1933 ते 1942 या वर्षांत, सरकारने बेरोजगार तरुणांची ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’ ही फौज उभी केली आणि तिच्याकडून देशभरच्या उद्यानांत रस्ते, निवारे आणि मुक्कामाची मैदानं बांधून घेतली.

आपल्या दृष्टीने यापेक्षा मोलाची गोष्ट 1944 मध्ये घडली. तिथेही सगळी तळी नैसर्गिक नाहीत. टेक्सस, ओक्लाहोमासारख्या राज्यांतली बहुतेक मोठी तळी धरणांचीच आहेत. त्या वर्षीच्या पूरनियंत्रण कायद्याने धरणं बांधणाऱ्या लष्करी अभियंत्यांच्या खात्याला जलाशयांच्या काठी लोकांसाठी विरंगुळ्याच्या सोयी बांधण्याचा आणि चालवण्याचा अधिकार दिला. धरण पूर, सिंचन आणि विजेसाठी असतंच, पण त्याचा काठ माणसांच्या वापरात येणार हे कायद्याने मान्य केलं आणि त्याची जबाबदारी एका खात्यावर टाकली.

म्हणून तिथे ट्रेलर घेऊन जाणाऱ्या जोडप्याला आखलेली, पक्की, सपाट जागा मिळते. खांबावर विजेची जोडणी असते, नळाला पिण्याचं पाणी असतं आणि बाहेर पडायच्या वाटेवर सांडपाणी रिकामं करायचं ठिकाण असतं. जागा आधी आरक्षित करता येते. पुष्कळ ठिकाणी सलग चौदा रात्रींहून जास्त राहू देत नाहीत, म्हणजे कुणी काठावर ठाण मांडत नाही. त्या निवांत जोडप्यामागे एवढी व्यवस्था उभी असते.

ट्रेलर घ्यावा की व्हॅन?

ट्रेलर म्हणजे मोटारीमागे जोडायची, स्वतःचं इंजिन नसलेली खोली. मुक्कामी पोचल्यावर ती सोडून ठेवायची आणि मोटार घेऊन फिरायचं, हा तिचा मोठा फायदा. पण ती ओढण्याचं एक शास्त्र आहे. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहा ते पंधरा टक्के भार जोडणीच्या हुकावर यावा लागतो. हजार किलोच्या ट्रेलरमध्ये तो शंभर ते दीडशे किलो होतो. सामान मागच्या बाजूला जास्त भरलं तर हुकावरचा भार घटतो आणि वेग वाढताच ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो. झोला वाढत गेला तर तो पुढच्या मोटारीलाही फिरवतो. म्हणून जड सामान चाकांच्या आसाजवळ, किंचित पुढे ठेवायचं असतं.

वळणावर ट्रेलरची चाकं मोटारीच्या चाकांपेक्षा आतून जातात. सपाट, रुंद रस्त्यावर हे जाणवत नाही, ताम्हिणी किंवा वरंध घाटातल्या वळणांवर मात्र जागा अपुरी पडते. उतारावर मागचं वजन मोटारीला ढकलतं. सारखा ब्रेक दाबला तर तो तापून निकामी होतो, म्हणून खालच्या गिअरमध्ये उतरायचं. मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे वळवलं की ट्रेलर उजवीकडे जातो. इथे दोघांची साथ लागते. एकाने चालवायचं, दुसऱ्याने खाली उतरून चालकाला आरशात दिसेल अशा जागी उभं राहून हाताने खुणा करायच्या.

कायद्याने ट्रेलर हे स्वतंत्र मोटार वाहन आहे, त्यामुळे त्याची आरटीओकडे वेगळी नोंदणी लागते. गावातले अरुंद रस्ते, घाट आणि सोसायटीतल्या पार्किंगची टंचाई यामुळे आपल्याकडे बहुतेक जण ट्रेलरऐवजी एकाच सांगाड्यावरची व्हॅन पसंत करतात. त्यात पुण्याला घरचीच सोय आहे. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची ट्रॅव्हलर ही उंच छताची गाडी अशा घरांसाठी सर्रास वापरली जाते. मात्र गाडी घेऊन मनाला येईल तसा सांगाडा बदलता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 निर्मात्याच्या मूळ रचनेत फरक पडेल असे बदल करू देत नाही, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. कॅरव्हॅन म्हणून बांधलेल्या गाडीसाठी एआयएस-124 हे वेगळं मानक आहे. मान्यताप्राप्त कारखान्यातून बांधलेली आणि आरसी बुकात तशी नोंद असलेली गाडीच घ्यावी किंवा भाड्याने न्यावी. अपघात झाला तर विमा याच नोंदीवर उभा असतो.

दोन माणसांचं पाणी आणि वीज

शहरी पाणीपुरवठ्याच्या आपल्याकडच्या मानकात माणशी रोज 135 लिटर पाणी धरतात. गाडीत ते शक्य नाही. बादलीतून मोजकी आंघोळ आणि काटकसरीने भांडी, असं केलं तर माणशी 25 लिटरमध्ये नीट भागतं. दोघांचे तीन दिवस धरले तर 150 लिटर, म्हणजे 150 किलो वजन. टाकी आसाजवळ का हवी, हे या आकड्यावरून कळतं.

हे पाणी वापरलं तरी नाहीसं होत नाही, एका टाकीतून दुसऱ्या टाकीत जातं. भांडी-आंघोळीचं पाणी एका टाकीत आणि शौचालयाचं मैलापाणी दुसऱ्या, बंद टाकीत किंवा बाहेर काढता येणाऱ्या डब्यात साठतं. पहिलं निरुपद्रवी वाटतं, पण साबण आणि अन्नकणांतले फॉस्फेट-नायट्रोजन साचलेल्या पाण्यात खत बनतात. त्यावर शेवाळ आणि जलपर्णी माजते आणि पाण्यातला प्राणवायू घटतो. पवना आणि मुळा-मुठेच्या पात्रांत शहरी सांडपाण्याने हेच झालेलं आपण दरवर्षी पाहतो. काठावर सोडलेला नळ उताराने जलाशयातच जातो. म्हणून दोन्ही टाक्या भरलेल्या घेऊन परतायचं आणि त्या शौचालयाच्या ड्रेनेजमध्येच रिकाम्या करायच्या. शौचालयाच्या डब्यात टाकायची काही रसायनं फॉर्मल्डिहाइडची असतात. ती सेप्टिक टाकीतल्या उपयोगी जिवाणूंना मारतात, त्यामुळे जैविक प्रकारची घ्यावीत.

विजेचं गणित असंच मोजून मांडता येतं. बारा व्होल्टची शंभर अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे 1,200 वॉट-तास, साधारण सव्वा युनिट. त्यात दिवे, फोन, एक छोटा पंखा आणि लहान फ्रिज रात्रभर चालतात. वातानुकूलन यंत्र लावलं तर तीच बॅटरी तास-सव्वा तासात संपते. छतावर 200 वॉटचं सौर पॅनेल असेल तर स्वच्छ उन्हाच्या दिवशी 800 वॉट-तासांच्या आसपास वीज मिळते, पावसाळी दिवसांत त्याचा थोडाच भाग. म्हणजे गारवा यंत्राने मिळवण्यापेक्षा योग्य ऋतू निवडून मिळवावा. आणि थंडीत कितीही गारठलं तरी बंद गाडीत शेगडी किंवा कोळसा पेटवून झोपू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस त्याने दगावतो.

पाण्याचं वर्ष

नैसर्गिक तळ्याची पातळी वर्षभरात थोडीच हलते. धरणाची पातळी दर हंगामात बदलते. जूनपासून धरण भरू लागतं आणि ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत काठोकाठ असतं. मग कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत पाण्याचं वाटप ठरतं, रब्बीची आणि उन्हाळी आवर्तनं सुटतात, आणि मे अखेरीस पाणी खोल तळाशी गेलेलं असतं.

मुक्कामासाठी याचा अर्थ सरळ आहे. पावसाळ्यात काठावर थांबू नये. विसर्ग सुरू झाला की खालच्या पात्रात पाणी बघता बघता चढतं, आणि डोंगरात पाऊस वाढला की ओढे-धबधब्यांचंही तसंच होतं. जून 2024 मध्ये लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. या काळात प्रशासन अशा ठिकाणी बंदीचे आदेश काढतं, ते पाळावेत. ऑक्टोबर अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत हवा, पाणी आणि वाटा तिन्ही अनुकूल असतात. त्यानंतर पाणी हटत जातं तसा गाळ उघडा पडतो. वरून वाळलेला, भेगाळलेला दिसतो आणि आत ओला असतो. तीन टनांची गाडी त्यावर नेली की चाकं रुततात. मुरमाच्या किंवा खडकाच्या जमिनीपुढे गाडी नेऊ नये.

तीन काठ, तीन तऱ्हा

पहिल्या प्रवासाला उजनी उत्तम. पुणे-सोलापूर महामार्गाने भिगवणपर्यंत घाट नाही. भीमेवरचं हे धरण 1980 मध्ये पूर्ण झालं. त्याचं पाणी पसरट आणि उथळ असल्याने हिवाळ्यात पाणी उतरू लागलं की दलदल उघडी पडते आणि ती गाळून खाणारे रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, तिथे येतात. कुंभारगाव-डिकसळकडचे मच्छीमार पहाटे होडीतून पक्षी दाखवतात. पाणी फार खाली गेलं तर पळसदेवचं बुडालेलं पळसनाथाचं जुनं मंदिर वर येतं.

पवना जवळचा. 1972 मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाभोवती लोहगड, विसापूर, तिकोना आणि तुंग हे चार किल्ले आहेत, त्यामुळे दिवसा गड आणि रात्री काठ असा बेत जमतो. ठाकूरसाई, आंबेगावच्या बाजूला तंबूंचे पुष्कळ मुक्काम आहेत आणि त्यांतले काही गाडीलाही जागा देतात. शनिवारी तिथे गोंगाट असतो. ज्यांना जमेल त्यांनी आठवड्याच्या मधले दिवस निवडावेत.

भंडारदरा लांबचा, दोन रात्री तरी ठेवूनच जावं असा. प्रवरेवरचं विल्सन धरण 1926 मध्ये पूर्ण झालं, समोर 1,646 मीटरचं कळसूबाई शिखर आहे. पावसाच्या आधी मे-जूनमध्ये तिथली झाडं काजव्यांनी भरतात. काजव्यांचं लुकलुकणं हा जोडीदार शोधण्याचा संकेत असतो आणि गाडीच्या दिव्यांत तो हरवतो. त्या दिवसांत अंधार पडल्यावर गाडी हलवू नये. आजूबाजूचा बराच भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्री थांबता येत नाही. एमटीडीसीच्या विश्रामगृहाच्या आवारात परवानगी घेऊन गाडी लावणं सोयीचं.

काठ कुणाचा?

धरण पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर पोचतं तिथवरची जमीन सरकारने संपादित केलेली असते. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी ही जमीन मोकळी दिसली तरी बेवारस नसते. तिच्यावर गाळपेर होते, म्हणजे ओलाव्यावर पीक घेतलं जातं, आणि ती बहुधा त्याच गावांतली माणसं कसतात ज्यांची शेतं धरणात गेली. उभ्या पिकाच्या कडेने चाकं नेताना हे लक्षात हवं.

या काठांना विस्थापनाचा इतिहास आहे. मुळशीत टाटांच्या वीजप्रकल्पासाठी गावं बुडणार होती, तेव्हा 1921 मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. त्याचं नेतृत्व करणाऱ्या पांडुरंग महादेव बापटांना लोकांनी सेनापती म्हटलं. धरण झालंच. तिथलं पाणी आजही पुण्याकडे न येता बोगद्यातून पश्चिमेला भिऱ्याच्या वीजघरात पडतं. पवनेच्या विस्थापितांच्या पुनर्वसनाचा प्रश्न दशकानुदशकं रेंगाळला. 9 ऑगस्ट 2011 रोजी पवना जलवाहिनीविरुद्ध द्रुतगती मार्गावर बऊरजवळ झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मरण पावले. शहराच्या तहानेची किंमत गावाने आधीच दिलेली आहे. शहराच्या विरंगुळ्याचा भारही त्याच गावावर पडावा, हे न्याय्य नाही.

महाराष्ट्र सरकारने 2020 मध्ये कृषी पर्यटन धोरण आणि 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केलं. दुसऱ्यात कॅरव्हॅनबरोबर कॅरव्हॅन पार्कचाही विचार आहे आणि तोच भाग आधी प्रत्यक्षात यायला हवा. प्रत्येक जलाशयाजवळ, पूर्ण भरावाच्या रेषेच्या वर, दहा-बारा गाड्यांची एक पक्की जागा पुरेल. तिथे पिण्याचा नळ, विजेचा खांब, सांडपाणी रिकामं करायची आणि शुद्ध करायची सोय असावी, मुक्कामाच्या रात्रींना मर्यादा असावी. ती चालवायचा पहिला हक्क धरणग्रस्त गावांच्या सहकारी संस्थांचा असावा. अमेरिकेने 1944 मध्ये काठाची जबाबदारी ठरवून दिली. देशात सर्वाधिक मोठी धरणं असलेल्या राज्याला हे अवघड नाही.

तोवर हा बदल प्रवाशांच्या निवडीतूनही सुरू होऊ शकतो. काठावरची जागा आरक्षित करताना दोन प्रश्न विचारायचे: ही जमीन कुणाची आहे, आणि इथलं सांडपाणी कुठे जातं? ज्याच्याकडे दोन्हींची सरळ उत्तरं असतील त्याच्याकडेच थांबायचं आणि त्याचे दोन पैसे जास्त द्यायचे. पुरेशा लोकांनी हे केलं तर अशी उत्तरं देऊ शकणाऱ्या जागा वाढतील आणि ज्या धरणाचं पाणी आपण घरी पितो त्याच्याच काठी निःशंक मनाने राहता येईल.